कुठलं पावणं?

डॉक्टर किणीकरांनी स्कूटर दूध संस्थेच्या कट्ट्यापाशी उभी केली, गळाची पिशवी हँडलवरून काढून पायाशी ठेवली आणि कट्ट्यावर ऊन खात बसलेल्या तिघांना विचारलं,

"नदीवर गळ टाकायला जाणारं कुणी राहतं का हो या गावात? साठी ओलांडलेला माणूस आहे. उंच, जरा पोक काढून चालणारा. हसायला लागला की थांबत नाही."

तिघांनी आधी एकमेकांकडं पाहिलं, मग पिशवीकडं, मग डॉक्टरांच्या जुन्या कापडी टोपीकडं.

"नाव काय त्येंचं?" त्यांच्यातला वयानं मोठा होता, त्यानं विचारलं.

"तेच माहीत नाही."

"आडनाव?"

"तेही नाही."

"मग तुमचं ते कोन लागत्यात?"

इथं डॉक्टर अडले. मित्र म्हणावं तर ज्याचं नाव ठाऊक नाही असा कसला मित्र? ओळखीचे म्हणावं तर ओळख काय, ते सांगता येईना. शेवटी त्यांनी खरं होतं ते सांगितलं.

"पावणं म्हणतो मी त्यांना."

"पावणं तर समदीच की वो!" तिघंही मोकळेपणानं हसले. "आता तुमीबी पावणंच. जमीन बघाय आलायसा काय? तसं असलं तर सांगा. नाव न्हाय, गाव न्हाय, असलं कशाला बोलायचं?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. कोल्हापूरकडं एसटीत शेजारी बसलेला माणूस पावणं, वाट विचारणारा पावणं, आणि भांडण काढायचं असलं तरी सुरुवात पावणं अशीच होते. एवढ्या एका खुणेवर माणूस हुडकायचा म्हणजे गुऱ्हाळावर जाऊन आपल्याच उसाचा रस वेगळा मागण्यातला प्रकार. डॉक्टरांनी चहाला नको म्हटलं, पिशवी पुन्हा हँडलला अडकवली आणि स्कूटर पुढच्या गावाच्या वाटेला लावली.

दिवाळी होऊन गेली होती. बंधाऱ्याच्या खांबांमध्ये लोखंडी बरगे बसवून वारणेचं पाणी अडवलं होतं. गाळ खाली बसून पाणी निवळलंही होतं. पाणी निवळलं की पहिल्या रविवारी डॉक्टरांनी आणि पावण्यांनी काठावरच्या करंजाच्या झाडाखाली यायचं, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं आणि कधी चुकलंही नव्हतं. यंदा मात्र पावण्यांची जागा रिकामीच राहिली. पहिल्या रविवारी डॉक्टरांना चक्क राग आला. दुसऱ्या रविवारी त्यांनी स्वतःची समजूत घातली, उसाला तोड आली असेल. आज, तिसऱ्या रविवारी, त्यांनी कणीक मळली, गळाला लावली, आणि पाण्यात न टाकताच काढून चिलापी माशांच्या पिलांना भिरकावून दिली. मग ते उठले.

डॉक्टरांच्या डोक्याला रविवारशिवाय दुसरी मोकळीक नव्हती. कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांचा दवाखाना तीस-पस्तीस वर्षं चालत होता, आणि चांगला चालत होता, हेच त्यांचं दुखणं होतं. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी कुणीतरी जीभ काढून दाखवी. केस कापायला बसले तर शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक साबण लावलेल्या गालांनी मूळव्याधीचं विचारी. त्यांच्या पत्नी श्यामलाताई म्हणत, "तुम्ही मेलात तर खांदा द्यायला येणारे आधी रिपोर्ट दाखवतील." त्यांनीच बारा वर्षांपूर्वी एका रविवारी डबा भरून दिला आणि नवऱ्याला घराबाहेर काढलं. लहानपणी पन्हाळ्याच्या पायथ्याला मामांच्या गावी डॉक्टर ओढ्यावर गळ टाकत. ती सवय हाताला अजून आठवते का, ते बघायला म्हणून ते शहर सोडून, वारणानगर मागं टाकून, कुणी ओळखणार नाही इतक्या लांब आले होते.

करंजाखाली बसून जेमतेम पहिला गळ टाकला, तोच मागून आवाज आला.

"पावणं, वाईस सरकतासा का? ती माझी जागा हाय. म्हंजी सरकारचीच हाय, पर बसतो मी."

डॉक्टर सरकले. तो माणूस शेजारी बसला. वेळूची काठी, मोरपिसाच्या दांड्याची तरंगणी, पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी. डॉक्टरांनी नजर पाण्यावरच ठेवली. कोल्हापूरकडची रीत त्यांना चांगली माहीत होती. पावणं म्हटलं की पुढचा शब्द कुठलं. कुठलं पावणं? गाव सांगितलं की कुणाचं घर, घर सांगितलं की काय करतासा, आणि काय करतासा याचं उत्तर दिलं की रविवारचा निकाल लागला. या मुलखात माणूस पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी गाव विचारतो, आणि गाव कळलं की चार नातेवाईक जोडून मगच श्वास घेतो.

तो प्रश्न आला नाही. त्या माणसानं डॉक्टरांच्या रिळाच्या महागड्या काठीकडं पाहिलं, गळाकडं पाहिलं आणि ठामपणे सांगितलं,

"गांडूळ काडा. आज कनीक खानार."

डॉक्टरांनी गांडूळ काढून कणीक लावली. संध्याकाळपर्यंत कणकेला काही लागलं नाही. त्या माणसाच्या कणकेलाही नाही. उठताना तो म्हणाला, "गांडूळच लावाय पायजे हुतं," आणि आपल्याच बोलण्यावर इतका हसला की झाडावरचे बगळे उडाले.

असेल एखादा विसरभोळा, विचारायचं राहून गेलं असेल, असं डॉक्टरांना वाटलं. पुढच्या रविवारीही त्यानं विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग डॉक्टरांनीही विचारलं नाही, कारण एकानं विचारलं की दुसऱ्याला विचारावंच लागतं. फोन नंबरसुद्धा मागितला नाही. नंबर घेतला तर तो कुठल्या नावानं ठेवायचा, हा प्रश्न आलाच असता.

स्कूटर उसाच्या दोन फडांमधून चालली होती. कुठंतरी गुऱ्हाळ पेटलं होतं, काकवीचा वास रस्ताभर पसरला होता. ह्या वासानं डॉक्टरांना नेहमी हिवाळ्यातल्या त्या सकाळी आठवत. पाण्यावर धुक्याचा पातळ थर, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि त्या धुक्यातून कुणीतरी म्हैस हाकल्याचा आवाज अगदी कानाशी यावा. ऊन वर आलं की धुकं विरायचं आणि एकदम सगळं दिसायला लागायचं. पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा. धुणं घेऊन आलेल्या बाया. पाण्यात वाकलेली उंबराची फांदी. पावणं काठी जमिनीत खोचून तंबाखू मळायला बसले की एक खंड्या येऊन नेमका त्यांच्याच काठीच्या टोकावर बसायचा. डॉक्टरांच्या काठीवर तो एकदाही बसला नाही. "तुमची काठी पुन्यामुंबैची दिसती," पावणं म्हणायचे. "त्येला हितली पायजे."

खरं सांगायचं तर पावणं गळकरी म्हणून अगदीच सुमार होते. गळ टाकणाऱ्यानं गप्प बसावं हा पहिला नियम, आणि पावण्यांच्या तोंडाला उसंत नसे. तरंगणी बुडत असली तरी गोष्ट अर्धी टाकायची नाही, हा त्यांचा बाणा. त्यांच्या गोष्टींतून डॉक्टरांना सम्राट नावाचा बैल घरच्यासारखा माहीत झाला होता. हा सम्राट कुणाला जुमानत नसे. दावं तोडून एकदा तो ग्रामपंचायतीत शिरला आणि ग्रामसभा चालू असताना सरपंचांच्या मागं जाऊन उभा राहिला, ती गोष्ट तर डॉक्टरांनी इतक्या वेळा ऐकली होती की सभेला आपण स्वतः हजर होतो असं त्यांना वाटे. गोष्ट संपेपर्यंत मासा कणीक खाऊन निघून गेलेला असे.

एकदाच मोठी मरळ लागली, तीही डॉक्टरांच्या गळाला. डॉक्टर रीळ हळूहळू गुंडाळत होते, तसं करायचं असतं. पावण्यांना दम निघाला तर शपथ! "जातीया, जातीया!" करत ते चपलांसकट कमरेएवढ्या पाण्यात घुसले आणि मरळीला पोटाशी कवटाळून बाहेर आले. एक चप्पल नदीनं ठेवून घेतली. मरळ गवतावर तडफडत होती, पावणं एका पायावर उभे राहून तिला शिव्या देत होते, आणि डॉक्टर हसता हसता खाली बसले होते. इतकं आपण शेवटचं कधी हसलो होतो, ते त्यांना आठवेना.

मासे सगळे पावण्यांकडं जात. किणीकरांच्या घरात मासा शिजत नसे. बदल्यात डॉक्टर त्यांची भाकरी आणि खर्डा खात आणि पावणं श्यामलाताईंच्या घडीच्या पोळ्या खात, आणि दोघांनाही आपण दुसऱ्याला फसवलं असं वाटे.

सगळेच रविवार हसण्याचे नव्हते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर डॉक्टर पहिल्यांदा नदीवर आले, तेव्हा त्यांनी पिशवी उघडलीच नाही. दवाखान्यात वीस वर्षं बरोबर असलेला कंपाउंडर गेला होता. बाकी कोण कोण गेलं, ते मोजायचं त्यांनी सोडून दिलं होतं. ते नुसते पाण्याकडं बघत बसले. आश्चर्य म्हणजे त्या दिवशी पावणंही गप्प होते. सम्राट नाही, सरपंच नाही. दुपारी त्यांनी एक पेरू चार फोडी करून, मीठ लावून डॉक्टरांच्या हाताशी ठेवला आणि आपली काठी घेऊन जरा लांब जाऊन बसले. पावण्यांच्या घरीही कुणी गेलं असेल, असा डॉक्टरांनी अंदाज केला होता. विचारलं मात्र नव्हतं.

आणि गेल्या उन्हाळ्यात. नदीवरून वर यायची चढण ती केवढी, तरी पावणं मध्ये दोनदा टेकले. खाली बसून त्यांनी चपला काढल्या तेव्हा पट्ट्याचे वळ पायावर तसेच उमटून राहिलेले डॉक्टरांना दिसले. कुठल्याही पेशंटला त्यांनी तिथंच झाडलं असतं. इथं त्यांनी चार-पाच रविवार जीभ चावली, आणि मग शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले,

"पावणं, एकदा कुठल्या तरी डॉक्टरला दाखवा की."

"डॉक्टरला?" पावणं म्हणाले आणि हसायला लागले. हसले ते असे हसले की काठी हातातून सुटली, खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं. "डॉक्टरला म्हनं! लई भारी बोललासा, पावणं!" यात भारी काय होतं, ते डॉक्टरांना कळलं नव्हतं.

पुढच्या गावात शिरताना डॉक्टरांना एकदम शहाणपण सुचलं. मारुतीच्या देवळापुढं एक जण ट्रॅक्टरचं चाक बदलत होता. डॉक्टरांनी माणसाचं वर्णन करायच्या भानगडीत न पडता थेट विचारलं,

"सम्राट नावाचा बैल कुणाचा? एकदा ग्रामपंचायतीत शिरला होता तो?"

"आकारामतात्याचा की!" तो पाना हातात घेऊन उभाच राहिला. "आवं, त्या दिवशी मी हुतो सभंला. सरपंचाच्या खांद्यावरनं वाकून कागद बघितला त्येनं. सरळ जावा, पिठाच्या गिरनीवरनं डाव्या अंगाला. दारात सम्राटच बांधलाय, न्हायतर कोन?"

आकाराम. डॉक्टरांनी नाव मनात एकदा म्हणून पाहिलं. कुणाचंही असावं तसं ते नाव होतं. त्यांच्या पावण्यांना ते काही बसलं नाही.

सम्राट म्हातारा झाला होता आणि अजिबात राजबिंडा नव्हता. डॉक्टरांची स्कूटर त्यानं नीट निरखून पाहिली. अंगणात एक बाई सुपात शेंगा निवडत बसली होती. डॉक्टरांनी टोपी काढली. काय म्हणून सुरुवात करावी ते वाटेत ठरवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. बाईनं मान वर केली, सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि म्हणाली,

"आला व्हय डॉक्टर? या."

मग तिनं पटकन तोंडावर हात ठेवला.

"चुकलं बाई. आज आयतवार न्हवं?"

डॉक्टर अंगणातच उभे राहिले. गावात कुठंही त्यांनी नाव सांगितलं नव्हतं. अंगावर दवाखान्याची एक खूण नव्हती.

"वहिनी, तुम्ही मला ओळखता?"

"आता न्हाय कशाला म्हनू?" त्या बनाबाई, पावण्यांच्या पत्नी. त्यांनी आत एकदा कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला. "माझ्या पोटात दुखायचं बगा, तवा तुमच्याकडंच आलतो मी शाहूपुरीला. हे बाकड्यावर बसलं हुतं. तुमच्या काय ध्यानात ऱ्हानार, बाहीर जत्रा भरलेली. त्येच साली तुमी नदीवर आलासा. हे घरला येऊन म्हनत्यात, आगं, शाहूपुरीचं डॉक्टर आज माझ्या जाग्यावर बसलं हुतं. मी म्हनलं, मग माझ्या गोळ्या संपल्यात, इचारायचं न्हाय का? तर माझ्यावरच खेकसलं. म्हनलं, मी बाकड्यावर हुतो त्या दोन तासात त्या मानसानं मान वर केली न्हवती. हितं नदीवर येऊन पैल्यांदाच आभाळाकडं बघत हुता. त्येला मी काय करतासा म्हनून इचारू?"

डॉक्टरांनी हातातली टोपी उलटसुलट केली.

"मग तवापासनं घरात कायदाच," बनाबाई म्हणाल्या. "आयतवारी तुमचं नाव काडायचं न्हाय. डॉक्टर म्हनायचं न्हाय. मासं तेवढं खायचं. एवढी वर्सं तुमचं मासं खाल्ल्यात आमी, आनि गावात कुनाला सांगायची चोरी."

बारा वर्षं आपण लपून बसलो होतो, आणि ज्याच्यापासून लपलो तोच राखणीला बसला होता. डॉक्टरांना पेरूच्या चार फोडी आठवल्या आणि डॉक्टरला दाखवा म्हटल्यावरचं ते हसणंही आठवलं. कोल्हापूरकडचा माणूस कुठलं पावणं विचारायचं विसरतो, यावर आपण विश्वास तरी कसा ठेवला?

"आता कसं आहे त्यांचं?"

"कसलं काय." बनाबाईंचा आवाज एकदम बदलला. "पाय हे एवढं सुजत्यात. आडवं पडलं की दम कोंडतो, बसूनच झोपत्यात. हितल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, सुई दिली, आनि म्हनाला मोठ्या डॉक्टरला दाखवा. मी म्हनलं, चला शाहूपुरीला. न्हाय म्हनत्यात. दुसरं कुठलंबी गाव सांगा, जातो, पर शाहूपुरी न्हाय. आनि दुसऱ्या गावालाबी जाईत न्हाईत. तुमी आज आला नसतासा, तर उद्या मीच येनार हुतो, काय कायदा करायचा त्यो करू देत."

ओसरीवजा सोप्यात पलंगावर पावणं भिंतीला उशा लावून बसले होते. डॉक्टरांना पाहून ते चमकले, मग त्यांनी बायकोकडं असं पाहिलं की ती काही न बोलता चुलीकडं निघून गेली. डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले. बसता बसता त्यांच्या डोळ्यांनी आपलं काम उरकून घेतलं होतं. ओठ निळे नव्हते. बसल्या जागी श्वास तुटत नव्हता. आजचा दिवस जायला हरकत नव्हती, फार दिवस जायला मात्र होती.

"पानी निवळलं?" पावण्यांनी विचारलं.

"तळाचे गोटे दिसायला लागलेत."

"आनि खंड्या?"

"येतो. माझ्या काठीकडं बघतो आणि जातो."

"लागलं काय आज?"

"गळच टाकला नाही. बडबड ऐकू आली नाही की मासे बिचकतात."

पावणं हसले आणि हसण्यातून खोकल्यात गेले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. खोकला थांबला तरी हात सोडला नाही, आणि कधी ते त्यांनाही कळलं नाही, पण त्यांची बोटं मनगटाच्या आतल्या बाजूला सरकली. ठोके एकसारखे नव्हते. दोन-तीन घाईनं पडत आणि मग एक रेंगाळे.

"पावणं," उशीला टेकलेल्या पावण्यांनी डोळे न उघडता विचारलं, "हात धरलाय का नाडी बघतासा?"

"हात."

"मग ऱ्हाऊ द्या."

बाहेर सम्राटनं मान हलवली तशी त्याच्या गळ्यातली घंटा वाजली. डॉक्टरांनी हात तसाच धरून ठेवला. मग ते म्हणाले,

"उद्या सोमवार आहे. सोमवारी मी दुसरीकडं असतो."

"ठावं हाय."

"तिथं या की."

"न्हाय येनार." पावण्यांनी डोळे उघडले. आवाज हट्टी नव्हता, नुसता खरा होता. "तितं आलो की मी पेशंट झालो. मग माझा पावणा गेला. म्होरल्या आयतवारी तुमी माझ्या शेजारी बसनार, पर पान्याकडं बघनार न्हाईसा. माझ्या पायाकडं बघनार."

 आयुष्यात इतक्या माणसांनी डॉक्टरांकडं काहीतरी मागितलं होतं. हा एकटाच त्यांच्यासाठी काहीतरी राखून बसला होता, आणि त्यापायी जिवावर उदार झाला होता.

"पावणं," ते म्हणाले, "गेलं वर्षभर मी तुमच्या पायाकडंच बघतोय."

पावण्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"खोटं."

"गेल्या कार्तिकापासून. आधी डावा सुजायला लागला, मग उजवा. उन्हाळ्यात चपलेचा पट्टा तुम्ही दोन भोकं सैल केला. एकदा दाखवा म्हटलं तर तुम्ही हसत सुटलात."

"आनि तरंगनी कोन बघत हुतं मग?"

"कुणीच नाही. म्हणून तर गेलं वर्षभर आपल्याला काही लागलं नाही."

 पावण्यांची नजर आपल्या पायांवरून डॉक्टरांच्या चेहऱ्यावर गेली, परत पायांवर आली. तोंडाचा कोपरा हलला, पण ह्या वेळी ते हसू त्यांनी आतच जिरवलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांना त्यांच्या धंद्याचं विचारलं.

"दवाखाना किती वाजता उघडतासा?"

"दवाखान्यात तुमचं काय काम?" डॉक्टर म्हणाले. "दवाखान्याच्या मागच्या अंगाला आमचं घर आहे. सकाळी मी गाडी घेऊन येतो, आपण तिकडं जाऊ. पुढच्या दारानं पेशंट येतात. पावणं घरी येतात."

बनाबाई चहाच्या कपबश्या घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या आणि तिथंच थांबल्या होत्या.

"काय ठरलं मग?" त्यांनी घाबरत विचारलं. "जायाचं काय शाहूपुरीला?"

"जायला पायजे," पावणं म्हणाले. "पावण्यांनी घरी बोलिवलंय. न्हाय कसं म्हनायचं?"